सहज

दांडेकर पुलाच्या सिग्नलला बस थांबली
तेव्हा आकडा होता एकशे सदतीस.
मी मोजायला लागले नाही, हे आधीच सांगते.
पूर्वी मोजायचे.
एकेक लाल आकडा पोटात उतरायचा
जिना उतरावा तसा, चपला वाजवत.

नऊ वर्षं झाली.
मोठ्या आतड्याची सूज. "मुक्कामी पाहुणी," म्हणाले डॉक्टर सुपेकर
आणि स्वतःच्याच विनोदाने थोडे ओशाळले.
तेव्हापासून हे शहर मला वेगळंच पाठ आहे.
लोक सांगतात मिसळ कुठली, चहा कुठला.
मला विचाराल तर
मंडईमागचं स्वच्छ, पण दुसऱ्या दाराला कडी नाही.
कर्वे रोडला एक पेट्रोल पंप, तिथला पोरगा काही विचारत नाही,
किल्ली लांबूनच फेकतो.
लक्ष्मी रोडला मी जात नाही.
भावाच्या लग्नाची साडी वहिनीनेच आणली,
रंग फोनवर दाखवून.

मग रिपोर्ट चांगले आले.
सुपेकरांनी पेढे मागितले.
आणि मी घराबाहेर पडताना तीनदा जाऊन यायचे, चारदा,
कुलूप लावून, परत उघडून, पाचव्यांदा.
भीतीने पोटात गोळा येतो, सगळेच म्हणतात.
त्यांचं म्हणणं म्हणण्यापुरतं.
माझ्या पोटात खरोखरच काहीतरी राहतं,
मग त्यातला गोळा कुठला आणि आजार कुठला
हे विचारू कुणाला? पोटाला?
ते दोन्ही बाजूंनी खोटी साक्ष देतं.

डॉक्टर तस्नीम बागवान यांनी सगळं ऐकून घेतलं,
पेनचं टोपण न उघडता.
"आधी कोण आलं ते नंतर बघू," म्हणाल्या,
"आधी तुम्ही झोपा."
रोज रात्री एक.
आणि अगदीच अडलं तर दुसरी, तीही अर्धी.

पहिले तीन आठवडे तोंडाला कोरड,
भर मीटिंगमध्ये जांभया, आमटीला चव नाही.
आई म्हणाली, "सवय नाही ना लागायची?"
तिची रक्तदाबाची गोळी बावीस वर्षांची,
देवाच्या दिव्याआधी घेते.
मी काही बोलले नाही.
बाबांची सुपारी सुटली, अडकित्ता राहिला होता,
त्याने मी अर्धी करते.
कधी नीट होते, कधी पाऊण आणि पाव,
मग टेबलावरचा भुगा बोटाने टिपून घ्यायचा.
कडू असतो.

तर एकशे सदतीस.
पुढच्या सीटवरचं बाळ माझ्या पर्सची चेन चोखत होतं.
पोटात काहीतरी हललं.
हललं, एवढंच.
भूकही असू शकेल, हे मला कितीतरी दिवसांनी सुचलं.
घेतली का?
घेतली. पाणी संपलं होतं, आवंढ्याबरोबर.
ती उतरायच्या आतच सिग्नल सुटला,
म्हणजे श्रेय तिचं नाही, माझंही नाही,
बसवाल्याचं असेल.

शनिपारला उतरले,
पाय आपोआप मंडईमागे गेले.
हौसाबाईंनी मान वर न करता
हिरवी बादली पुढे सरकवली. "आत मोकळंय."
मी उभी राहिले.
पोटाला विचारलं. ते गप्प.
"आज काम नाही," म्हटलं, "सहज आले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
त्या दारात सहज कोण येतं?
मग सुट्ट्या पैशांचा डबा बाजूला करून
स्टूल पदराने पुसलं,
पिशवीतून पेरू काढला, चार फोडी केल्या.
"तिखट-मीठ चालतं का तुम्हाला?"

चालत नाही. बियाही चालत नाहीत.
"नुसतं मीठ लावा," म्हटलं,
आणि फोड हातात धरून
बराच वेळ बसले.